रोजच्या वापरातला आहेर

महारुद्रराव देवकते ठरवून खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली. तिथंसुद्धा "पुढं सरका, पुढं लई जागा हाय" याच्यापलीकडं त्यांनी फारसं असत्य उच्चारलेलं नव्हतं. पण समोर ऐकणारं कुणी असलं की त्यांची जीभ घाटातल्या गाडीसारखी उताराला लागायची, आणि ब्रेक असायचा अयोध्याबाईंच्या पायाखाली. त्या दिवशी अयोध्याबाई नेमक्या गिरणीवर दळण आणायला गेल्या होत्या.

माहेरपणाला आलेली मुलगी करिश्मा स्वयंपाकघरात मोबाईल धरून उभी होती. आईच्या लग्नातली जुनी भांडी तिला टिपायची होती. तशी भांडी होतीच. लेमन सेटातला काचेचा जग होता. त्याचे ग्लास केव्हाच देवाघरी गेले होते आणि जगात आता उलथणी नि झारे उभे असायचे. कुकर होता, त्याची शिट्टी स्वतःच्या मर्जीनं वाजायची, आणि वाजली की शेजारच्या बायका आपापला गॅस बंद करायला धावायच्या. टेबलफॅन होता, पण तो मान वळवायचा ती फक्त डावीकडं, त्यामुळं घरात मानाची जागा म्हणजे डावीकडची. सासऱ्यांनी दिलेलं लोखंडी कपाट होतं, दारात कागदाची घडी अडकवली की ते बंदही व्हायचं.

एवढं दिसल्यावर महारुद्ररावांना राहवलं नाही. टोपी नीट करून ते कुणी न बोलावता मोबाईलसमोर येऊन उभे राहिले.

"आजकालची लोकं एका लग्नातला आहेर दुसऱ्या लग्नात देऊन मोकळी हुत्यात," ते म्हणाले. "आमच्या लग्नात ज्यानं जे दिलं, ते आमी जपलं. एक बी वस्तू टाकली न्हाय, इकली न्हाय, मोडली न्हाय. एकूण एक आज बी रोजच्या वापरात हाय. कामून? तर आहेराची वस्तू म्हंजी वस्तू नसतीया, माणूस असतंय."

हे शेवटचं वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की ते त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं. करिश्मानं तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पाऊस पडला.

अयोध्याबाईंनी पिठाचा डबा खाली ठेवत तो पाहिला आणि विचारलं, "अवं, इकली न्हाय म्हणायलाव, मंग पितळंची घागर मोडीत कुणी घातली? म्या?"

"ती गळत हुती."

"गळत हुती तर जपली कुठं?"

 असं अडलं की महारुद्रराव बाहेर जाऊन रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत उभे राहत. येरमाळ्याजवळचं त्यांचं गाव हमरस्त्याला लागूनच असल्यामुळं ही सोय चांगली होती. ते तसे उभे असतानाच खिशातला फोन वाजला.

"कोण, महारुद्रा का? म्या धुरपदा बोलायलेय, ढोकीहून."

धुरपदाबाई म्हणजे महारुद्ररावांची सख्खी आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ढोकीला साखर कारखान्याच्या रस्त्याकडेला चार शेळ्या राखून राहायची. लहानपणी महारुद्ररावांना तिनं खांद्यावर घेऊन शेरडांमागं हिंडवलं होतं. पण लग्न झालं आणि आत्या यांच्या दारात पुन्हा म्हणून आली नाही. बारशाला नाही, घरभरणीला नाही. लग्नात मानपानात काहीतरी राहिलं असणार आणि आत्या रुसली असणार, असं महारुद्ररावांनी धरून ठेवलं होतं. रुसलेल्या माणसाकडं आपण होऊन जायचं म्हणजे चूक पदरात घ्यायची, म्हणून तेही गेले नाहीत. नोकरीत असताना त्यांची गाडी ढोकीवरून कितीतरी वेळा गेली. थांब्यावर माणसं उतरली की ते घंटी मारायचे आणि गाडी पुढं जायची.

"शेजारच्या पोरीनं फोनात दावलं मला," आत्या म्हणाली. "तू समद्यांचं जपलंयस म्हणं. रं महारुद्रा... माझं बी हाय का?"

इथं साधा माणूस म्हणाला असता, "आत्या, बघून सांगतो." पण गाडी उताराला लागली होती.

"हाय का म्हंजी? आत्या, रोज सकाळी उठल्याबरोबर आधी तुमचीच वस्तू हातात घेतो म्या. त्याबिगर दिवसच सुरू हुत न्हाय माझा!"

 मग आत्या म्हणाली, "लई केलंस बाबा," आणि फोन बंद झाला.

घरात येऊन महारुद्ररावांनी हलक्या आवाजात विचारलं, "अगं, आत्यानं काय दिलं हुतं आपल्या लग्नात?"

"मला काय ठावं? आत्या तुमची."

दोघांनी डोकं खाजवून पाहिलं, काही आठवेना. शेवटी महारुद्ररावांनी कंडक्टरी हिशेबानं निकाल लावला. आत्या देवभोळी, देवभोळ्या बाया समई देतात, त्या अर्थी आत्यानं समई दिली. ती समई घरात नव्हती हा भाग वेगळा.

गोष्ट इथंच मिटली असती. पण शेजारी ज्ञानोबा गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजींकडं सल्ला भरपूर साठला होता आणि विद्यार्थी राहिला नव्हता. व्हिडिओ पाहून ते चहाच्या वेळेला हजर झाले.

"कंडक्टर, हे घरात ठेवायचं काम न्हाय," गुरुजी म्हणाले. "लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय तुमचा. समाजमंदिरात कार्यक्रम घेऊ. आहेराच्या वस्तू टेबलावर मांडू. देणाऱ्यांना बोलवू. तरुण पिढीला आदर्श दिसला पायजे."

"बघू की निवांत," महारुद्रराव म्हणाले.

"निवांत कशाचं? म्या निमंत्रण टाकलं बी ग्रुपवर. तुमच्या त्या ढोकीच्या आत्याचा तर लगेच निरोप आला, येते म्हणून."

महारुद्ररावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण अंगावर आदर्श म्हणून शाल पडणार होती, आणि शाल दिसली की भल्याभल्यांची उघडलेली तोंडं मिटतात.

समाजमंदिराच्या परवानगीसाठी ते ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्जाचा नमुना पुढं ओढला.

"कारण काय लिहू? लग्न, बारसं का दहावं?"

"लग्नाचा वाढदिवस."

"तसला रकाना न्हाय. लग्न लिहू का?"

"लग्न झालंय, साहेब."

"मंग दहावं लिहू?"

महारुद्ररावांनी घाईघाईनं लग्नाला संमती दिली. "तर मंग नवरा-नवरीच्या वयाचा पुरावा लागंल," साहेब म्हणाले. "बालविवाहाचं लई कडक हाय सध्या." महारुद्ररावांनी वाद घालून पाहिला, पण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना नियम सांगितला त्यांना स्वतःवर आलेला नियम मोडता येईना. शेवटी ते घरी जाऊन अयोध्याबाईंना घेऊन आले. साहेबांनी दोघांची आधार कार्डं उलटीपालटी करून पाहिली, पांढऱ्या केसांच्या अयोध्याबाईंकडं चष्म्यावरून एक नजर टाकली आणि नवरी सज्ञान असल्याचा शेरा मारला. बाहेर येईपर्यंत अयोध्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मात्र त्या घरापर्यंत बोलत होत्या.

आता समई. महारुद्ररावांनी कळंबला जाऊन एक पितळी समई घेतली. भांड्यांवर नावं घालणारा म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसला होता. छिन्नी-हातोडी घेऊन ठकठक करत होता, मागं गिऱ्हाइकांचा गलका चालला होता.

"कुणाचं नाव टाकायचं?"

"धुरपदाबाई. ढोकी. आत्या हुत्या माझ्या," महारुद्रराव सांगू लागले. ते लग्नाच्या दिवसाबद्दल बोलत होते, म्हणून सगळं भूतकाळात चाललं होतं. "लई मायाळू हुत्या. लहानपणी मला खांद्यावर घेऊन हिंडायच्या. आता काय, नुसती आठवण ऱ्हायली."

म्हाताऱ्यानं हळहळून मान हलवली आणि समईच्या बैठकीच्या आतल्या बाजूला ठकठक करून अक्षरं पाडली. महारुद्ररावांचा चष्मा घरी होता. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, मजकूर भरपूर आहे याचं समाधान मानलं आणि समई पिशवीत टाकली.

घरी आल्यावर कळलं की समई फारच नवी दिसत होती. तीस वर्षं तेल-वात केलेली समई अशी लखलखत नाही. "उकिरड्यात पुरा," ज्ञानोबा गुरुजींनी सल्ला दिला, कारण एव्हाना ते कटात सामील झाले होते. मग समई शेणाच्या ढिगात ठेवली. ती रात्रीतून काळी पडली खरी, पण वासालाही लागली. अयोध्याबाईंनी चिंच लावून ती घासली तर पुन्हा नवी झाली. मग चुलीच्या धुरावर धरली. स्वतःच्याच देव्हाऱ्यापुढं समई जुनी करत बसलेल्या नवऱ्याकडं पाहून अयोध्याबाई म्हणाल्या, "अवं, सरळ सांगून टाका की आत्याला. काय खाणार हायत का त्या तुमाला?"

"आता लई पुढं आलंय," महारुद्रराव म्हणाले. करिश्माच्या नजरेला नजर देणं ते समई आणल्यापासूनच टाळत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी समाजमंदिर भरलं. टेबलावर कुकर, लेमन सेटाचा जग, डावीकडं बघणारा पंखा आणि मधोमध धुरकट समई. नवरा-नवरी खुर्च्यांवर बसले होते, अंगावर शाली होत्या. आत्याची गाडी अजून यायची होती. महारुद्रराव मनातल्या मनात ती बंद पडावी अशी इच्छा करत होते, आणि सगळी हयात एस.टी.त काढलेल्या माणसाला अशी इच्छा होतेय याचीही त्यांना लाज वाटत होती.

गुरुजी माईकवर एकेक वस्तू उचलून देणाऱ्याचं नाव वाचत होते. त्यांनी समई उलटी केली, चष्मा सरसावला आणि अडखळले. गुरुजींचा आवाज खाली आला.

"कैलासवासी धुरपदाबाई, ढोकी, यांच्या स्मरणार्थ..." गुरुजींनी महारुद्ररावांकडं दुःखानं पाहिलं. "कंडक्टर, कवा झालं हे? येते म्हणून निरोप हुता की त्यांचा. बोलला न्हाईत. असो. सगळ्यांना विनंती, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून बाईंना श्रद्धांजली वाहावी."

खुर्च्या सरकल्या. सगळी सभा उभी राहिली.  बसून राहावं तर आत्याचा अपमान, उभं राहावं तर त्याहून मोठा. ते उभे राहिले आणि मान खाली घातली. त्या शांततेत दारातून आलेली कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली.

"कोण गेलं गं बाई?"

"ह्यांची आत्या."

"आं? कुठली?"

"ढोकीची. धुरपदाबाई."

महारुद्ररावांनी डोळे वर केले. दारात आत्या उभी होती, वाळलेली, वाकलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, हातात पिशवी. तिनं एकदा स्वतःच्या अंगावरून खाली-वर नजर फिरवली, जणू बातमी खरी की खोटी ते पाहत होती.

"बसा, बसा समदी," ती म्हणाली. "उगं उभी ऱ्हाऊ नगा. म्या आलेच हाय."

सभेत जो हशा झाला तो रस्त्यापलीकडं ऐकू गेला असेल. गुरुजींनी माईकवरून जाहीर केलं, "बाई हयात आहेत. श्रद्धांजली मागं घेण्यात येत आहे." आत्या हळूहळू टेबलापाशी आली आणि समई निरखत म्हणाली, "ही... म्या दिली हुती?"

सगळे महारुद्ररावांकडं बघत होते. अयोध्याबाईंनी शालीखालून त्यांच्या हाताला चिमटा घेतला. आताही वेळ होती.

"व्हय की, आत्या," महारुद्रराव म्हणाले. "इसरलाव काय?"

आत्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सभेकडं वळून म्हणाली, "आसंन, दिली आसंन. वय झालं आता, ध्यानात ऱ्हात न्हाय."

ती विसरली नव्हती, हे महारुद्ररावांना कळलं. आपलं खोटं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं, हेही कळलं. अंगावरची शाल त्यांना अचानक टोचू लागली.

कार्यक्रम संपल्यावर जवळची मंडळी घरी चहाला आली. आत्याला डावीकडं, पंख्याच्या वाऱ्याला बसवलं. थोड्या वेळानं तिनं करिश्माला जवळ बोलावून हळूच काहीतरी विचारलं आणि करिश्मानं तिला परसातल्या संडासाकडं नेलं. महारुद्रराव मनात माफीची वाक्यं जुळवत होते. समईचं दुकानदारावर ढकलावं, का गुरुजींवर, एवढंच ठरायचं होतं.

आत्या लवकर येईना. परसात नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि काहीतरी घासल्याचा. मग ती आत आली. तिच्या हातात स्टीलचा एक तांब्या होता, संडासात असायचा तो. काठाला पोचा आलेला, रोज हाताळून झिजलेला. तो कुठून आला हे त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. घर बांधल्यापासून तो तिथंच होता, आणि तिथल्या वस्तूला कुणी उलटी करून बघत नाही.

आत्यानं तो करिश्मापुढं धरला. "मला वाचता येत न्हाय बाई. बुडाला काय लिव्हलंय बघ बरं."

करिश्मानं उजेडाकडं धरून वाचलं, "चिरंजीव महारुद्रला, आत्या धुरपदा, ढोकी." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज अगदी बारीक झाला.

 अयोध्याबाईंनी तोंडाला पदर लावला. ज्ञानोबा गुरुजी बशी ओठांशी धरून तसेच थांबले. त्यांच्याकडं पहिल्यांदाच सल्ला नव्हता.

"मंग?" आत्या सगळ्यांकडं बघत म्हणाली. "रोज सकाळी उठल्याबरोबर आधी माझीच वस्तू हातात घेतो म्हणाला हुता. खोटं कुठं बोलला पोरगा?"

गुरुजींच्या बशीतला चहा सगळ्यात आधी उडाला. मग सगळं घर हसायला लागलं. महारुद्ररावही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, कारण तोंड लपवायला त्या घडीला दुसरं काही हाताशी नव्हतं. हसता हसता त्यांनी आत्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. न्हाऊ घातलेल्या लेकराला पुसावं तशी ती पदरानं तांब्या पुसत होती.

"आत्या, द्या इकडं," अयोध्याबाई कशाबशा म्हणाल्या. "देव्हाऱ्यात ठेवते म्या त्याला."

"नगं बाई," आत्या म्हणाली. "हाय तिथंच ऱ्हाऊ दे. देवाला कशाला त्रास."

दुपारनंतर आत्या निघाली. "म्या जाईन की एकली," असं ती म्हणत असताना महारुद्ररावांनी तिची पिशवी उचलली आणि तिच्यासोबत गाडीत बसले. वाटेत कितीदा तरी त्यांनी बोलायला तोंड उघडलं. दर वेळी कंडक्टर तिकिटाला आला, नाहीतर मागचं कुणी खोकलं. ढोकीच्या थांब्यावर उतरले तेव्हा उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं रांगेनं चालले होते. थांब्यापासून आत्याचं घर दिसत होतं. घंटी मारून पुढं जाताना त्यांना ते कधीच दिसलं नव्हतं.

आत्यानं शेळ्यांना पाला टाकला, चूल पेटवली आणि न विचारताच पिठलं टाकलं. महारुद्रराव चुलीपाशी बसले.

"आत्या, तुमी एवढ्या वर्षांत आला का न्हाईत? मला वाटलं, मानपानाचं काय तरी..."

"कसला मानपान?" आत्या भाकरी थापत म्हणाली. "तुज्या लग्नात आहेर भोंग्यावर पुकारत हुते. कुणाचं कपाट, कुणाचा पंखा. माझा आपला येवढासा तांब्या. म्हणलं, भोंग्यावर पुकारलं तर भावाची मान खाली जाईल. म्हणून कुणी बघायच्या आत भांड्याच्या ढिगाखाली सारला. मंग तुज्या घरी यायचं जिवावर यायचं. कुणी इचारलं, आत्यानं काय दिलं, तर काय सांगू? बारशाला तर पार थांब्यापातूर येऊन माघारी गेले."

चुलीतलं लाकूड तडतडलं. महारुद्ररावांनी ते आत सारलं.

"आन् त्या फोनात तू म्हणलास, समद्यांचं जपलंय. म्हणलं, आपला तांब्या कुणाला तरी कामाचा वाटला. म्हणून आले."

"आत्या," महारुद्रराव म्हणाले. "मला लई लाज वाटायलीय."

"वाटू दे की," आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली. "इतकी वर्षं म्या लाजत हुते. आता जरा तू लाज."

तिनं गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि वर पिठलं वाढलं. महारुद्ररावांनी मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली.